औलूचा हिवाळा, आठ किलोमीटरची वाट आणि दोन वेगवेगळे टायर

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी साडेसातला मामेबहिणीचा फोन आला. "दादा, पडले." हाडं शाबूत आहेत हे लगेच कळलं, कारण पुढचं वाक्य सायकलीबद्दल होतं. हँडल फिरलं होतं, डाव्या पेडलचं रबर निघालं होतं आणि पँट गुडघ्यावर फाटली होती. बर्फ पडलेलाच नव्हता अजून. रात्री थोडा पाऊस झाला होता आणि पहाटे पारा शून्याच्या एक अंश खाली गेला होता, बस.

ती साताऱ्याची. ऑगस्टमध्ये औलू विद्यापीठात मास्टर्स करायला आली. औलू फिनलंडच्या उत्तरेकडे, बोथनियाच्या आखाताच्या काठावर, ६५ अंश अक्षांशावर आहे. वस्ती दोन लाखांवर. डिसेंबरच्या शेवटी इथे जेमतेम साडेतीन तास सूर्य दिसतो आणि तरीही लोक सायकल सोडत नाहीत. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच गावात भरली होती. मी इथे सात हिवाळे काढलेत आणि सोसायटीच्या तळघरात दुसऱ्यांच्या सायकली उघडून बसायचा मला नाद आहे. त्यामुळे तिच्या सायकलीला कुठले टायर घालायचे हा प्रश्न आपोआप माझ्याकडे आला. त्याचंच हे टिपण. कुठे चुकलो तेही लिहितो.

पडल्या जागी

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं जागेवर गेलो. मोठ्या रस्त्याखालून जाणारा सायकलींचा बोगदा. औलूत असे पुष्कळ आहेत, कारण सायकलवाल्यांनी मोटारींचा रस्ता ओलांडायला थांबूच नये अशी इथली रचना. वाट उतरते, तळाशी डावीकडे वळते, मग बोगदा. वरच्या रस्त्याचं पाणी कठड्यावरून झिरपून नेमकं त्या वळणावर येतं. दिव्याच्या उजेडात डांबर स्वच्छ काळं दिसत होतं. मी बुटाने घासून पाहिलं आणि पाय असा सरकला जसा शेवाळलेल्या न्हाणीघरात सरकतो. पाण्याचा कागदाएवढा थर गोठला होता आणि त्यातून खालचं डांबर जसंच्या तसं दिसत होतं. याला इथेही काळा बर्फच म्हणतात.

"पण मी हळू होते," ती म्हणाली. किती हळू? पंधराच्या आसपास असेल.

तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. ते वळण साधारण आठ मीटर त्रिज्येचं. ताशी १५ किलोमीटरने ते घ्यायचं तर टायर आणि जमिनीमधला घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, किमान ०.२२ लागतो. कोरड्या डांबरावर तो ०.७ ते ०.८ असतो, म्हणजे चैन. दाबून बसलेल्या, चांगल्या थंड बर्फावर ०.२ ते ०.३, म्हणजे निभावून जाईल. गोठलेल्या पाण्यावर साध्या रबराला ०.१ मिळाला तरी नशीब. त्या वळणावर त्या दिवशी ताशी दहाच्या वर जाणारा कुणीही पडला असता. थांबण्याचंही तसंच. ताशी १८ च्या वेगातून कोरड्या डांबरावर सायकल दोन-अडीच मीटरमध्ये थांबते, काळ्या बर्फावर तिला बारा-तेरा मीटर लागतात. तोही ब्रेक अगदी अचूक दाबला तर.

ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. तिला आकडे पटले, पण राग गेला नाही. तिच्या मजल्यावरचे निम्मे लोक साध्या टायरांवर फिरतात, शेजारची आजी तर बाजाराच्या दोन पिशव्या हँडलला अडकवून जाते. मग मीच का पडावं?

प्रश्न रास्त होता. इथे खरोखरच पुष्कळ लोक खिळ्यांचे टायर वापरत नाहीत. मेत्सोकांगास भागातल्या शाळेसमोर बर्फात रांगेने उभ्या असलेल्या शेकडो सायकलींचे फोटो जगभर फिरले. त्यातल्या बहुतेक पोरांच्या सायकली साध्याच असतात. यामागचं कारण टायरात सापडत नाही, ते रस्त्यात आहे. औलूत सायकलींच्या वाटांवर मीठ टाकून बर्फ वितळवत बसत नाहीत. यंत्राने वरचा बर्फ काढतात, खाली दोन-तीन सेंटिमीटरचा थर दाबून पक्का होऊ देतात, दातेरी पात्याने त्यावर ओरखडे काढतात आणि वर बारीक खडी पसरतात. या पक्क्या थराला फिनिशमध्ये 'पोलान्ने' म्हणतात. उणे दहाच्या खाली त्यावरून चालताना बूट करकरतात, आणि तो करकर वाजत असेल तोवर साधा टायरही चालून जातो. आजी दरवर्षी पहिल्या आठवड्यात दोनदा पडते आणि मग सवय होते, हे मला आजीनेच सांगितलंय.

'बर्फ' या शब्दाने केलेला घोळ

तिने टायर शोधायला सुरुवात केली होती आणि मला तिची यादी दाखवली. सगळेच 'बर्फासाठी' होते, म्हणजे मराठीत. आपल्याकडे फ्रीजमधला तोही बर्फ, आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ आणि सरबतात पडतो तोही. साताऱ्यात एवढ्यावर भागतं. टायर घेताना मात्र हा एकच शब्द गळ्यात धोंडा होतो, कारण या वेगवेगळ्या बर्फांना लागणारे टायर एकमेकांच्या अगदी उलट असतात.

भुसभुशीत ताजा बर्फ पायाखाली दबतो. तिथे खोल, मोकळी नक्षी लागते जी बर्फ पकडेल आणि फिरताना बाहेर फेकेल. फारच खोल असेल तर चार इंची फुगीर टायर, आत जेमतेम पाच-सहा पौंड हवा. चिखलासारखा राडा झालेल्या बर्फात उलट अरुंद टायर बरा, तो राडा कापत तळाला जातो. काचेसारख्या गोठलेल्या थरावर नक्षीचा काहीएक उपयोग नाही, पकडायला तिथे काही नसतंच. तिथे धातूचं टोक रुतायला हवं. आणि पोलान्नेवर, वर म्हटलं तसं, बरंच काही चालतं.

म्हणून मी तिला टायर बघायचं थांबवून आधी वाट बघायला लावली. एका रविवारी आम्ही तिची रोजची वाट चालत-थांबत पार केली. घर कौकोवाइनिओला, शहराच्या दक्षिण अंगाला. तिथून मध्यभागाकडे, मग औलू नदीच्या मुखातल्या हुपिसारेत बेटांच्या बागेतले छोटे पूल, पलीकडे तुइरा आणि तिथून सरळ उत्तरेला लिन्नानमा, जिथे विद्यापीठ. एका बाजूने साधारण आठ किलोमीटर. त्यातले जवळजवळ सात मुख्य सायकलमार्गावर, सपाट, सकाळच्या वर्दळीआधी बर्फ काढलेले. त्यांची काळजी करायचं कारणच नव्हतं. काळजीच्या जागा दोनच: तीन बोगद्यांचे तीन उतार, आणि तिच्या इमारतीकडे येणारी दोनशे मीटरची गल्ली. गल्लीतला बर्फ सगळ्यात उशिरा काढतात. तोवर मोटारी जाऊन तिच्यात चाकोऱ्या पडतात आणि रात्री त्या चाकोऱ्या गोठून दगड होतात.

टायर या गल्लीसाठी आणि त्या तीन उतारांसाठी घ्यायचा, सात किलोमीटरच्या चांगल्या रस्त्यासाठी नव्हे, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं. तसंच तो उणे पंचवीसच्या दिवसासाठीही घ्यायचा नाही. नव्याने आलेली आपली माणसं कडाक्याच्या थंडीला घाबरतात. सायकलीला मात्र उणे वीसपेक्षा शून्य जास्त घातक, कारण शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याची पातळ साय धरते. पहिल्या वळवाच्या सरीत आपल्याकडे तेलकट रस्त्यावर मोटरसायकली आडव्या होतात तसाच प्रकार. इथले लोक असल्या हवेला 'पॅकाल्लोकेली' म्हणतात, शब्दशः कवटीची हवा. पायी चालणाऱ्यांना हवामान खातं अशा दिवशी घसरडेपणाचा इशारा देतं.

सायकल उलटी करून

तिची सायकल जुन्या बाजारातली, ऐंशी युरोंची. 'अठ्ठावीस इंची' म्हणून विकलेली. हा अठ्ठावीसचा आकडा विश्वासाचा नाही, टायरच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेला आकडा पाहायचा. तिथे ३७-६२२ होतं. ३७ मिलिमीटर रुंदी, आणि टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडं मागेपुढे चालतं, पण किती, ते मडगार्ड ठरवतं.

पुढच्या चिमट्यात जागा ऐसपैस होती. मडगार्डच्या तारा थोड्या वर सरकवल्या की ४० मिलिमीटरचा टायर आरामात बसला असता. मागे पंचाईत होती. पत्र्याचं मडगार्ड, त्याला चिकटून चेनकव्हर आणि ३७ च्या टायरभोवती दोन्ही अंगांना चार-पाच मिलिमीटरच मोकळे. तिथे खिळ्यांचा ४० चा टायर घातला तर खिळे पत्र्याला घासतील आणि मधे बर्फ अडकून चाकच जाम होईल. मागे ३५ च्या वर जाता येणार नाही, हे सायकलीने सांगून टाकलं.

आणखी एक गोष्ट त्या सायकलीत होती जिने माझं पाठ असलेलं उत्तर बिघडवलं. कुणी विचारलं की मी एकच सांगायचो: पैसे कमी असतील तर खिळ्यांचा टायर निदान पुढे घाला. मागचं चाक घसरलं तर कंबर हलवून सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. हे खरंच आहे. पण तिच्या सायकलीला तीन गिअरचं हब, म्हणजे गिअर मागच्या चाकाच्या तुंब्यातच, आणि मुख्य ब्रेक मागे पेडल मारून लागणारा. पुढचा ब्रेक आहे, पण बर्फावर तो धरणं म्हणजे पडायचं आमंत्रण. म्हणजे थांबण्याचा सगळा भार मागच्या टायरवर. पुढे खिळे आणि मागे साधं रबर घातलं असतं तर ती वळली छान असती, थांबली नसती. बोगद्याच्या उतारावर दोन्ही लागतं. खर्च दोन टायरांचा धरला.

काय काय पाहिलं

काहीच न करता हवा कमी करून चालवायचं, हा पहिला पर्याय तिचाच. फुकट आहे आणि पोलान्नेवर खरंच फरक पडतो. काळ्या बर्फावर शून्य उपयोग. बाद.

दुसरा पर्याय बिनखिळ्यांचे हिवाळी टायर. यांचं रबर वेगळं असतं. उन्हाळी टायर थंडीत कडक होत जातो, हा मऊ राहतो, आणि नक्षीत बारीक बारीक चिरा असतात ज्या बर्फाला धरतात. दक्षिणेकडच्या ओल्या, मीठ मारलेल्या शहरांत हे उत्तम, आणि डांबरावर आवाज नाही. तिच्या गल्लीत मात्र हे पुरे पडले नसते. चार इंची टायरांच्या सायकलीबद्दल तिने अर्धा तास स्वप्नं पाहिली. किंमत पाहून तीच गप्प झाली, आणि बर्फ काढलेल्या वाटेवर ते धूड ओढायचं कशाला हेही होतंच.

उरले खिळ्यांचे. इथे मी जरा जास्त वेळ घालवला, कारण सगळे खिळे सारखे नसतात. स्वस्तातल्या काही टायरांत नुसत्या पोलादाचे खिळे असतात. कोरड्या डांबरावर ते एका हंगामात झिजून बटणं होतात आणि मीठ लागलं तर गंजतातही. चांगल्या टायरच्या खिळ्यात मधोमध टंगस्टन कार्बाइडचं टोक असतं, डांबर झिजेल पण ते लवकर झिजणार नाही असं. खिळा रबराबाहेर मिलिमीटरभर डोकावतो. एवढ्याशा टोकावर माणसाचं वजन आलं की ते बर्फात रुततं.

मग प्रश्न किती खिळे आणि कुठे. फिनिश बनावटीच्या दोन टायरांवर गाडी थांबली. पूर्वी ते नोकियान हाक्कापेलिता नावाने मिळत, आता सुओमी या नावाने मिळतात. एकाला दोन रांगांत १०६ खिळे, दुसऱ्याला चार रांगांत २४०. (नोकिया म्हटलं की आपल्याला फोन आठवतो. त्याच घराण्यातल्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढला होता, जगातला पहिला. फोन फार नंतरचे.) जर्मन श्वाल्बेचाही चार रांगांचा टायर पाहिला. तो तोडीस तोड होता, पण त्या आठवड्यात दुकानात हवं ते माप नव्हतं.

दोन रांगांचे खिळे मधल्या पट्ट्याला लागून असतात. सायकल सरळ उभी असताना ते जमिनीवर टेकलेले, म्हणून सपाट बर्फावर सरळ जायला आणि ब्रेक लावायला पुरतात. पण गल्लीतल्या गोठलेल्या चाकोरीत पुढचं चाक उतरलं आणि बाहेर यायला हँडल वळवलं, की टायरची कड चाकोरीच्या भिंतीला घासते. त्या कडेला खिळा नसेल तर चाक भिंत चढत नाही, आडवं सरकतं. बाहेरच्या दोन रांगा नेमक्या तिथे कामाला येतात. वळणावर सायकल कललेली असतानाही त्याच टेकतात.

तेव्हा पुढे २४० खिळ्यांचा ४०-६२२. मागे ३५ च्या वर जागा नव्हती, तिथे १०६ खिळ्यांचा ३५-६२२. मागच्या चाकाचं काम सरळ रेषेत थांबवण्याचं, त्याला दोन रांगा चालतील, असं मी स्वतःला आणि तिला समजावलं. या वाक्यावर पुढे परत येऊ. दोन्ही मिळून शंभर युरोंच्या वर गेले. तिने घरी सांगताना रुपयांत सांगितलं नाही.

बसवताना

तळघरात शनिवारचे तीन तास गेले. पुढचं चाक दहा मिनिटांचं काम. मागचं काढायला पंधराचा पान्हा, गिअरची तार, ब्रेकची पट्टी आणि चेनकव्हरचे दोन रुसलेले स्क्रू. तिला म्हटलं, हे वर्षातून दोनदाच करायचं असतं, म्हणून मनाची तयारी ठेव. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो पाहून बसवला. काढून पुन्हा लावतानाही तीच दिशा ठेवायची, कारण खिळे एका अंगाला किंचित कलून बसतात. उलटं फिरवलं की हलू लागतात.

खिळ्यांचा टायर हातात घेतला की पहिल्यांदा वजन जाणवतं, एक किलोच्या आसपास. दुसऱ्यांदा बोटं सोलतात. हातमोजे घालून लावा.

नवे टायर लावल्या लावल्या बर्फावर घेऊन सुटायचं नसतं. श्वाल्बेची सूचना साधारण ४० किलोमीटर डांबरावर चालवायची, जोरात ब्रेक नाही, झटकन वेग नाही, म्हणजे खिळे आपापल्या भोकांत घट्ट बसतात. आम्ही तोच नियम धरला. अडीच फेऱ्यांत ४० भरले. कोरड्या रस्त्यावर कढईत तीळ तडतडावेत तसा आवाज येतो. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली, कारण लोक वळून बघत होते. आठवड्याने म्हणाली, बरं आहे, घंटी वाजवावी लागत नाही.

हवेचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे आपली माणसं हमखास फसतात. खोलीत २० अंशांना ५० पौंड हवा मारली आणि सायकल उणे वीसमध्ये नेली, तर पंक्चर नसताना ती ४१ वर येते. थंडीने हवा आकसते, बाकी काही नाही. म्हणून हवा बाहेरच, बाहेरच्या थंडीतच मोजायची. एरवी ४५ ठेवली, कवटीहवेच्या दिवशी ३५ करायची असं ठरलं. कमी हवेत टायर पसरतो आणि बाहेरच्या रांगाही जमिनीला टेकतात. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली मात्र जायचं नाही.

हिवाळा

नोव्हेंबर-डिसेंबर बिनघोर गेले. सप्टेंबरमध्ये अठ्ठावीस मिनिटांत होणारी वाट आता छत्तीस मिनिटं घेऊ लागली. एकदा उणे चोवीस झालं तेव्हा तिचा फोन आला, पण टायरबद्दल नव्हता. हबमधलं ग्रीस घट्ट होऊन तिसरा गिअरच पडत नव्हता. रस्ता करकर वाजत होता. त्या दिवशी साध्या टायरवरही ती पोचली असती.

परीक्षा आली जानेवारीत, हवा अचानक उबदार झाली तेव्हा. पारा शून्याच्या दोन अंश वर आणि रिमझिम पाऊस. पोलान्नेवर पाणी साचलं, रात्री वरवर गोठलं, सकाळी पुन्हा त्यावर पाऊस. बाहेर पाय ठेवला तर उभंच राहता येईना. खडी बर्फात बुडून गेली होती. मी बसने गेलो, हे कबूल करतो. ती सायकलवर निघाली.

तिने सांगितलेलं तिच्याच क्रमाने. गल्लीत पुढचं चाक चाकोरीत उतरलं, तिने हँडल वळवलं, खर्रर्र आवाज झाला आणि चाक भिंत चढून वर आलं. पहिल्या उतारावर ती ऑक्टोबरात पडली होती तिथे वळली, कललेली, आणि पुढचा टायर जागचा हलला नाही. मग बोगद्यातून समोर एक बाई बाळगाडी घेऊन आली. हिने मागे पेडल मारलं. चाक जाम झालं आणि सायकलीची शेपटी उजवीकडे निघाली. वळणात ब्रेक लावल्यावर मागचं चाक सरळ रेषेत राहत नाही, ते कललेलं असतं, आणि कलल्यावर दोन रांगांचे खिळे अर्धे हवेत. "मागच्या चाकाचं काम सरळ रेषेत" हे माझं वाक्य तिथे उघडं पडलं. पुढच्या टायरने धरून ठेवलं म्हणून ती सावरली, बाळगाडीपासून दोन हात अंतरावर थांबली. बाई हसून पुढे गेली.

आणि मग ती पडली.

थांबल्यावर तिने डावा पाय जमिनीवर टेकवला. सायकल खिळ्यांवर खांबासारखी उभी, आणि बूट साध्या रबराचा. पाय अलगद बाहेर सरकत गेला, आणि ती सायकलीसकट, कुठलाही वेग नसताना, शांतपणे आडवी झाली. "दादा, इतकी हळू पडले की पडता पडता विचार करायला वेळ होता." ही माझी चूक. सात हिवाळे मी स्वतः खिळ्यांचे बूट घालतो आणि तिला सांगायचं सुचलं नाही. आठ किलोमीटरचे खिळे मोजले, दोन पायांचे राहिले. दुसऱ्या दिवशी बुटावर ओढून बसवायचे रबरी पट्टे आणले, खाली खिळे असलेले. पंधरा-वीस युरोंत मिळतात.

त्यानंतर तिने उतारांवरची पद्धत बदलली. ब्रेक वळणात न लावता उतार सुरू व्हायच्या आधी, सायकल सरळ असतानाच लावायचा आणि वळण नुसतं वाहत घ्यायचं. उरलेला हिवाळा मागच्या दोन रांगांनी एवढ्यावर निभावला. मार्चमध्ये तशी कवटीहवा आणखी तीनदा आली. पडणं नाही.

एप्रिल

एप्रिलच्या मध्यात बर्फ गेला आणि हिवाळाभर टाकलेली खडी तेवढी रस्त्यावर उरली, जोंधळे सांडावेत तशी. नगरपालिकेची झाडणारी यंत्रं येईतो हे दिवस पंक्चरचे. म्हणून खिळ्यांचे जाड टायर आणखी पंधरा दिवस ठेवले, तीळ तडतडत राहिले.

मे उजाडता उजाडता दोन्ही काढले आणि जमिनीवर बसून खिळे मोजले. पुढच्या टायरचे २४० पैकी दोन गेलेले, टोकं जवळपास नवी. मागच्याचे १०६ पैकी सात गेलेले, आणि उरलेल्यांपैकी बरेच एका बाजूने चपटे, कारण पेडल मारून ब्रेक लावताना चाक जाम होऊन फरफटतं तेव्हा झीज एकाच जागी होते. हे मी आधी ध्यानात घ्यायला हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यासाठी मागचं पत्र्याचं मडगार्ड काढून रुंद प्लास्टिकचं लावलंय. आता दोन्ही अंगांना नऊ-नऊ मिलिमीटर मोकळे आहेत, मोजपट्टी घालून पाहिलं. २४० चा दुसरा टायर ऑगस्टमध्ये घ्यायचा, ऑक्टोबरात दुकानात हवं ते माप उरत नाही म्हणून. १०६ चा जुना टायर शेजारच्या आजीने मागितलाय. तिच्या सायकलीला पुढे बसतो, मापही तेच आहे. तिचं म्हणणं, दोनदा पडायची सवय आहे, एकदाच पडले तरी चालेल.